काचेवरचं पाणी

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. धो धो पडून मोकळा झाला असता तर कडककाकूंनी त्याला एक वेळ माफही केलं असतं. पण हा नुसता पिरपिरत होता, एखाद्या हट्टी पोरासारखा, आणि रस्ते, भिंती, माणसांची डोकी सगळं ओलंगिच्च करून ठेवत होता. लाँड्री चालवणाऱ्या बाईला असला पाऊस म्हणजे डोक्याला ताप. कपडे धुऊन निघतात ढीगभर आणि वाळवायला जागा म्हणाल तर एकच खोली.

कडककाकू हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. सदऱ्याच्या कॉलरला खळ घालावी तर काकूंनी, असं लोक म्हणत, आणि लगेच हळूच पुढे म्हणत की उरलेली खळ त्या बोलण्यात घालतात. काकूंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने ओढलं होतं, ते काही मऊ बोलून नव्हे. घरात आता माणसं तीन. काकू, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा टेम्पो घेऊन हॉटेलांच्या चादरी-टॉवेल आणायचा आणि पोचवायचा. सून लग्नाआधी बालवाडीत शिकवायची, म्हणून काकू तिला मास्तरीण म्हणत. ती गरोदर होती, आणि आता कुणी न सांगताही कळावं इतकं पोट दिसायला लागलं होतं.

पुढे दुकान, मध्ये धुण्याची मशिनं, आणि सगळ्यात मागे वाळवणीची खोली. खोली लांबट, छत उंच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या आणि मध्ये गॅसची मोठी शेगडी. मागच्या भिंतीला एकच भलीमोठी काच, न उघडणारी. पलीकडे बोळ. छताजवळ एक झरोका. शेगडी पेटली की चादरी गरम व्हायच्या, त्यांच्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जायचं आणि गार काचेला टेकलं की त्याचं पुन्हा पाणी व्हायचं. काचेला दरदरून घाम फुटायचा. थेंबाला थेंब मिळून ओघळ लागायचे. काचेखाली काकूंच्या नवऱ्याने पत्र्याची पन्हळ ठोकून ठेवली होती आणि पन्हळीच्या तोंडाशी एक बादली. ते पाणी इस्त्रीत भरायचं. नळाच्या पाण्याने इस्त्रीची भोकं पांढऱ्या क्षाराने बुजतात, काचेवरच्या पाण्याने बुजत नाहीत.

काकूंचा या बादलीवर फार जीव. चादरीला हात लावायच्या आधी त्या बादलीत डोकावत. बादलीत पाणी चढलं म्हणजे चादरीतलं उतरलं, इतका सरळ हिशेब. दुसऱ्या कुणी असल्या बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, पण काकू तिच्यावरून दिवसाचं काम ठरवत. आणि या हिशेबापायीच त्यांनी तो झरोका बंद केला.

झालं असं, की मुलाने एका मोठ्या हॉटेलचं काम आणलं. गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडायला लागले आणि बाहेर ही पिरपिर. काकूंनी एका सकाळी वाळवणीच्या खोलीत उभं राहून झरोक्याकडे पाहिलं. तिथून गार, दमट हवा आत येत होती.

"ही बघ, इथनं येतेय बाहेरची ओल," त्या सुनेला म्हणाल्या. "आपण आत वाळवतोय आणि हा मेला झरोका परत ओलं करतोय. स्टूल आण."

सुनेने स्टूल आणलं आणि स्वतःच त्यावर पाय ठेवला.

"उतर खाली! पोटुशी बाई स्टुलावर चढतेय. शिकवायला गेलीस तेव्हा अक्कल वाटून टाकलीस का सगळी?"

सून हसून बाजूला झाली आणि काकू कण्हत-कुथत वर चढल्या. जुनं ब्लँकेट गुंडाळून त्यांनी झरोक्यात कोंबलं, वरून बुक्क्या मारून घट्ट बसवलं. शेगडी बसवायला आलेल्या मिस्त्रीने पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, की बाई, हा झरोका मोकळा ठेवा. काकूंना ते त्या क्षणी आठवलं. पण मिस्त्रीला कुठे चादरी वाळवायच्या होत्या?

त्या दिवशी बादली रोजच्यापेक्षा लवकर भरली. काकूंनी ती उचलून सुनेला दाखवली. "बघ. म्हटलं नव्हतं? किती पाणी सोडलं चादरींनी!"

वाफेला बाहेर जायला वाटच उरली नव्हती, म्हणून सगळी काचेवर येत होती. चादरी काही लवकर वाळल्या नव्हत्या. पण काकू बादली बघत होत्या, चादरी नव्हे.

दुपारी दोघी घड्या घालायला त्याच खोलीत बसत. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला सून, मध्ये चादर. काकूंना सारखं उठून काउंटरवर जावं लागायचं, सून मात्र सबंध दुपार तिथेच असायची. घड्या घालता घालता एकदा तिला बालवाडी आठवली आणि ती गोष्ट सांगायला लागली.

"आई, आम्ही मुलांना पाणी कसं फिरतं ते शिकवायचो. तर आपल्या या खोलीत ते सगळं आहे. ही शेगडी म्हणजे सूर्य. या चादरी म्हणजे समुद्र. सूर्याने समुद्र तापतो, पाण्याची वाफ होते, ती वर जाते. वर गार असतं, तिथे तिचे ढग होतात. ती काच म्हणजे ढग."

"आणि पन्हळ?"

"पन्हळ म्हणजे नदी."

"आणि बादली?"

"बादली म्हणजे... तळं म्हणा. तिथून इस्त्रीत, इस्त्रीतून परत वाफ. झाडं मुळांनी पाणी ओढतात, पानांतून हवेत सोडतात, तसंच. जमिनीत मुरलेलंही कधी ना कधी झऱ्यातून वर येतं. फिरतं ते तेच पाणी, आई. नवा थेंब म्हणून कुठून येत नाही. इथे दिसला, म्हणजे दुसरीकडून कुठून तरी निघालेला असतो."

काकूंनी घडी घालता घालता हात थांबवला. "तेच पाणी? म्हणजे त्या हॉटेलातल्या लोकांचा मळ फिरून फिरून आपल्याच चहात यायचा?"

"मळ खाली राहतो हो. पाणी एकटंच वर जातं."

"बरं आहे बाई पाण्याचं," काकू म्हणाल्या. "माणसाला नाही जमत ते." पण गोष्ट त्यांना पटली. जे त्या इतकी वर्षं बादलीत बघत होत्या तेच सगळ्या जगात चालतं, हे ऐकून त्यांना आपण फार पूर्वीपासून शहाण्या असल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून पाऊस जरा वाढला की त्या म्हणायच्या, "कुणाच्या तरी दोरीवरच्या चादरी वाळतायत वाटतं."

आणि मग सुनेचं डोकं दुखायला लागलं.

आधी काकूंनी लक्ष दिलं नाही. पोटुशी बाईचं डोकं दुखतं, तिला मळमळतं, तिला झोप येते, यात नवल ते काय? पण हे रोजचंच झालं. सकाळी बरी असायची. दुपारी घड्या घालायला बसली की कपाळ धरायची, हातातली चादर तशीच मांडीवर राहायची, बोलता बोलता शब्द विसरायची. एकदा उठायला गेली आणि दोरीला धरून तशीच उभी राहिली, पाय उचलेनात म्हणाली. डॉक्टरकडे तपासायला जायचा दिवस आला की मात्र ठणठणीत. रस्त्याला लागली की चेहरा खुलायचा, हसायची, भूक लागली म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणून परत पाठवलं.

"कामाला बसलं की दुखणं आणि फिरायला निघालं की गायब," काकू काउंटरवरून ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "असलं दुखणं मला पण लाव गं बाई."

सुनेने मांडीवरची चादर पुन्हा घडीला घेतली. तिला उलट उत्तर देता येत नव्हतं अशातला भाग नाही. अलीकडे तिला उत्तर देण्याइतकी ताकदच उरत नव्हती.

एक-दोनदा स्वतः काकूंचंही डोकं ठणकलं. त्यांनी कपाळाला ओलं फडकं बांधलं, पावसाला चार शिव्या घातल्या आणि काउंटरवर जाऊन बसल्या. तिथे दार सताड उघडं असायचं. थोड्या वेळाने ठणका उतरायचा, आणि उतरलेल्या दुखण्याची कोण चौकशी करतं?

चादरींच्या काठांवर काळपट डाग यायला लागले. बोट लावलं की काजळ. काकूंनी मुलाला धारेवर धरलं. "टेम्पो पुसतोस की नाही कधी? धुतलेल्या चादरी काळ्या करून नेतोस, लोक काय म्हणतील?" मुलाने बिचाऱ्याने टेम्पो घासून पुसून काढला. डाग येतच राहिले. शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली होती आणि तिचं टोक लांबून जाळीवर काजळी धरत होतं. काकूंना ती पिवळी ज्योत बरी वाटायची. डोळ्यांना ऊबदार दिसते, म्हणायच्या.

सुनेच्या गालांवर मात्र लाली आली होती. शेजारच्या बायका काउंटरशी थांबून म्हणायच्या, काय गं, तेज चढलंय चेहऱ्यावर! काकू मनातल्या मनात खूश व्हायच्या. कडकपणा सगळा वरवरचा. रात्री त्या नातवंडासाठी जुन्या मऊ चादरींची दुपटी शिवत बसायच्या आणि सून आली की शिवण पदराखाली लपवायच्या.

मग एक दिवस नळ गेला. रस्त्यात कुठेतरी मुख्य पाइप फुटला होता. आभाळातून पाणी पडतंय आणि नळाला थेंब नाही. काकू त्यावर सकाळभर बोलत होत्या. मशिनं बंद. आधीच्या सगळ्या चादरी मुलाने सकाळीच गाडीत घातल्या आणि तो हॉटेलांच्या फेरीला निघून गेला. दोऱ्या रिकाम्या झाल्या. किती दिवसांनी त्या खोलीची पलीकडची भिंत दिसली.

काम नाही म्हटल्यावर काकूंनी खोली झाडली, काच फडक्याने कोरडी पुसली, पन्हळीतला गाळ काढला, बादली बोळातल्या गटारात पालथी केली आणि घासून परत जागेवर ठेवली.

सून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. अंगावर शाल, तरी कुडकुडत होती. तिला बघून काकू दारातच थांबल्या. इतक्या दिवसांत आपण हिला एकदा नीट विचारलंही नाही, असं त्यांना वाटून गेलं.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच ठेवला. "आज सुट्टी आहे तर नीट झोप तरी काढ. घरात एक ती खोली कोरडी आहे. शेगडी लावून देते तुला."

त्यांनी स्वतः गादी नेऊन शेगडीच्या अलीकडे घातली. स्वतः शेगडी पेटवली. सुनेला आडवं केलं, पायांवरून पांघरूण घातलं आणि क्षणभर तिच्या पोटावर हात ठेवला. आतून एक हलकीशी लाथ बसली.

"आजीला लाथ मारतंय!" काकू म्हणाल्या. "बाहेर ये, मग बघते तुला."

सून हसली. "आई, दार लावून घ्या हं. वारा येतो."

काकूंनी दार घट्ट लावून घेतलं.

दुपार तशीच गेली. गिऱ्हाईक नव्हतंच. समोरचा शिंपी आपल्या मशिनवर खडखड करत होता, त्याच्याशी दारातूनच दोन शब्द झाले. पाऊस जरा जाडसर झाला. हातात काम नसलं की काकूंना चैन पडायचं नाही, म्हणून त्यांनी घरचेच चार सदरे इस्त्रीला घेतले. पहिल्याच सदऱ्याला इस्त्री कोरडी निघाली. इस्त्रीत पाणी नव्हतं. नळ तर गेलेला. काकू सवयीने उठल्या आणि मागे गेल्या. खोलीत पाऊल टाकेपर्यंत त्यांना आठवलंच नाही, की बादली आपणच सकाळी पालथी केली आहे.

आत चांगली ऊब होती. सून कुशीवर झोपली होती, तोंड भिंतीकडे. तिची झोपमोड नको म्हणून काकू चवड्यांवर चालत बादलीपाशी गेल्या.

बादलीत पाणी होतं.

तळाला लागलेलं नव्हे, चांगलं चढलेलं पाणी. वरून पन्हळीतून थेंब टपटपत होते. काकूंनी वर पाहिलं. सकाळी पुसलेली काच वरपासून खालपर्यंत ओघळत होती.

पहिल्यांदा त्यांना राग आला. कुणी ओतलं हे? मग वाटलं, छत गळतंय. कोपऱ्यातला झाडू उचलून त्यांनी दांड्याने छत चाचपलं, भिंतीवरून तळवा फिरवला. कोरडं. काचेच्या कडेने बाहेरचा पाऊस झिरपत असेल म्हणून बोटाने सगळी चौकट तपासली. तिथूनही नव्हतं. काचेच्या मधोमध, आतल्या बाजूने थेंब उमटत होते, फुगत होते आणि धावत खाली येत होते.

त्यांनी दोऱ्यांकडे पाहिलं. एकही चादर नाही. टॉवेल नाही. साधा रुमाल नाही. खोलीत ओलं म्हणावं असं चिरगूट नव्हतं, आणि काच मात्र दहा चादरी टांगल्यासारखी वाहत होती.

काकूंच्या अंगावर काटा आला. भुताखेताला त्या भिणाऱ्या नव्हत्या. पण बादलीचा हिशेब त्यांनी सबंध आयुष्य पाहिला होता आणि तो आज पहिल्यांदा जुळत नव्हता. नवा थेंब कुठून येत नाही, मास्तरीण म्हणाली होती. दिसला, म्हणजे दुसरीकडून निघालेला असतो. मग हे कुठून निघालं?

"काय गं मास्तरीणबाई," त्या हळू आवाजात, थट्टेने म्हणाल्या, कारण थट्टा केली की भीती कमी होते. "आता सांग, हे कुठल्या समुद्राचं?"

सून गाढ झोपेत होती.

काकूंच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्या शेगडीकडे वळल्या. खोलीत जळत होती ती एवढी एकच वस्तू. पिवळी ज्योत आळसटल्यासारखी डोलत होती. तिच्याकडे बघताना त्यांना उगाच आपलं स्वयंपाकघर दिसलं. सकाळी गार पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्यांदा क्षणभर त्याच्या बुडाला घाम येतो, थेंब टपकून ज्योत चरचरते. आयुष्यभर बघितलेली गोष्ट. पातेलं बाहेरून ओलं असेल म्हणून सोडून दिलेली. पण पुसून कोरडं ठेवलेलं पातेलंसुद्धा घामेजतंच की!

त्यांनी कोनाड्यातलं स्टीलचं झाकण घेतलं, पदराने खसखसून पुसलं आणि ज्योतीच्या वर धरलं. झाकण धुरकटलं. बोट फिरवलं तर ओलं.

म्हणजे पाणी या आगीतून येत होतं. आग जळत होती आणि तिच्यातून जे निघत होतं ते या खोलीतच साचत होतं. त्यातलं पाणी तेवढं काचेवर दिसत होतं. बाकीचं?

काकूंनी मान वर केली. झरोक्यात त्यांचं ब्लँकेट घट्ट बसलेलं होतं.

"अगं," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "अगं ए! ऊठ!"

खांदा धरून त्यांनी सुनेला आपल्याकडे वळवलं. मान लुळी पडली. गाल लालबुंद होते, नवरीसारखे, आणि डोळ्यांच्या पापण्या अर्धवट उघड्या. काकूंनी फडाफड गालांवर मारलं. ती कण्हलीसुद्धा नाही. नाकाखाली बोट धरलं. श्वास होता की नाही ते बोटाला कळेना.

त्यांनी खटका फिरवून शेगडी विझवली आणि दाराकडे धावायला गेल्या, तर गुडघे वाकले. हातापायांत जीवच नव्हता. आपणही पडणार, त्यांना कळलं, आणि आपण पडलो तर संध्याकाळपर्यंत इथे कुणी फिरकणार नाही. भिंतीशी एक जुनी कोळशाची इस्त्री होती, गठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवलेली. ती दोन्ही हातांनी उचलून काकूंनी काचेवर फेकली.

काच फुटून कोसळली. तिच्यामागून गार वारा आणि पाऊस आत घुसला. काकू तोंड उघडून तो पिऊ लागल्या. ज्या ओलीला त्या इतके दिवस घराबाहेर ठेवत होत्या ती त्यांच्या तोंडात, डोळ्यांत, केसांत गेली आणि त्यांचे पाय पुन्हा त्यांचे झाले.

सून त्यांच्याने उचलली जाण्यासारखी नव्हती. त्यांनी गठ्ठे वाहायची चाकाची गाडी ओढून आणली, आडवी पाडली, सुनेला गादीसकट तिच्यात ओढून घेतलं आणि कुठून बळ आलं देव जाणे, गाडी उभी केली. मशिनांच्या मधून, काउंटरला धडकत, उंबऱ्यावरून दाणकन उतरवत त्यांनी ती रस्त्यावर भर पावसात आणली.

"धावा! अहो धावा कुणीतरी! माझी पोर..."

शिंपी अनवाणी धावत आला.

दवाखान्यात सुनेला खोलीत नेलं आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. मुलगा टेम्पो रस्त्यात कुठेतरी सोडून आला होता. त्याच्या सदऱ्यावरून पाणी गळत होतं. तो बायकोचा पाय धरून उभा होता. काकू बाकावर बसल्या होत्या. तळहातात काच घुसली होती ती त्यांना नर्सने पट्टी बांधायला घेतल्यावर दिसली.

बऱ्याच वेळाने सुनेने डोळे उघडले. मुलगा मटकन खाली बसला आणि त्याला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. एका जागी थांबल्या, सरकल्या, परत थांबल्या. सगळी खोली कान देऊन होती. मग ठोके ऐकू आले. काकूंच्या जिवात जीव आला, पण डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरची आठी काही उतरली नाही.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. बंद खोलीत गॅस नीट जळत नाही आणि त्याचा विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आईच्या रक्तातून तो लवकर निघेल. बाळाच्या रक्तातून निघायला जास्त वेळ लागतो. आणि हे आज एकदाच झालेलं दिसत नाही. बरेच दिवस थोडं थोडं जात असणार. बाळाला किती इजा झाली ते आज मी सांगू शकत नाही. कदाचित जन्मल्यानंतरही काही दिवस कळणार नाही." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "त्या खोलीला हवा यायला काही वाट नव्हती?"

"आहे ना," मुलगा म्हणाला. "झरोका आहे. मोठा आहे चांगला."

"बंद होता तो," शिंपी दारातून म्हणाला. "मी गॅस बघायला आत गेलो होतो. ब्लँकेट कोंबलेलं होतं."

मुलाने वळून पाहिलं. "कुणी कोंबलं?"

सुनेने हाताने मास्क जरासा खाली ओढला. ओठ सुकले होते, शब्द जड येत होते.

"मी," ती म्हणाली. "थंडी वाजत होती... म्हणून मीच."

क्षणभर, अगदी एकाच क्षणासाठी, काकूंना सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्यांना इतकी शिसारी आली की त्या बाकावरून उभ्या राहिल्या.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "स्टुलावर चढू देईन का मी तिला? मी कोंबलं. मिस्त्रीने बंद करू नका म्हणून सांगितलं होतं, तरी कोंबलं. रोज तिचं डोकं दुखत होतं आणि मी तिला नावं ठेवत होते. आज शेगडीपण मीच लावून दिली."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. तो ओरडेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून काकू वाट बघत उभ्या राहिल्या. तो उठला, बाजूची खुर्ची उचलली आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. डॉक्टरीणबाई काकूंच्या हाताकडे बोट दाखवून नर्सला म्हणाल्या, "यांचंही रक्त घ्या तपासायला." नर्सने बाही वर केली. काकूंनी हात पुढे धरला.

डॉक्टरीणबाई गेल्या, शिंपी गेला. बाहेर पाऊस चालूच होता. सुनेने पुन्हा मास्क बाजूला केला.

"आई."

"बोलू नको. लाव ते तोंडाला."

"आई, हलत नाहीये हो ते. मघापासून वाट बघतेय. तुमच्या हाताला लगेच कळतं... ठेवा ना जरा हात."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्या पुढे झाल्या आणि पट्टी न बांधलेला हात त्यांनी सुनेच्या पोटावर ठेवला. पोटाला लावून ठेवलेल्या यंत्रावर ठोके दिसत होते, पण हाताला काही लागत नव्हतं. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तिला एखादा शब्द हवा होता. झोपलं असेल गं, असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं, पण दुपारी सुनेलाही त्या झोपलेलीच समजल्या होत्या, आणि नेमकं तेच आता त्यांना म्हणता येईना.

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. हात तिथेच ठेवला. थोड्या वेळाने मुलाने मान वर केली आणि तोही त्या हाताकडे बघत बसला.